लाभांशाच्या टक्क्यांशेजारी शेअरच्या भावाचा इतिहासही छापावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर अलीकडे भरघोस लाभांश देणाऱ्या कंपन्यांचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यातील वरची बहुतेक नावे कोळसा, तेल आणि वीज या क्षेत्रांतील सरकारी कंपन्यांची होती, आणि प्रत्येक नावापुढे केवळ डिव्हिडंड यील्डचा, म्हणजे लाभांशाच्या उताऱ्याचा, टक्का दिला होता. दुसऱ्याच दिवशी नागपुरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात तिघेजण ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले, कारण मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले आहे. त्यांपैकी एकाची मुदत ठेव त्याच महिन्यात पूर्ण होत होती आणि बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत असतील तर रक्कम शेअरमध्ये का घालू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांना मी जे सांगितले ते इतर वाचकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लाभांशाचा उतारा हा भागाकार आहे. वर्षभरात मिळालेला लाभांश वर आणि शेअरचा आजचा भाव खाली, अशी त्याची मांडणी असल्याने तो लाभांश वाढल्यानेही वाढतो आणि भाव घसरल्यानेही वाढतो. दोनशे रुपयांच्या शेअरवर १० रुपये मिळत असतील तर उतारा ५ टक्के होतो, आणि तोच शेअर शंभरावर आला की कंपनीने एक पैसाही जास्त न देता तो १० टक्के होतो. अशा वेळी ती कंपनी आपल्या तक्त्यात वर सरकते, आणि जुन्या भागधारकाचे निम्मे भांडवल गेले हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय वरचा आकडा सरलेल्या वर्षाचा असतो, तर खालचा भाव बाजाराने येणाऱ्या वर्षांविषयी केलेला अंदाज असतो. हे दोन काळ एकमेकांशी भागले की निवृत्त माणसाला ते बँकेच्या व्याजासारखे ठरलेले उत्पन्न वाटते.

इंडियन ऑइलचे उदाहरण ताजे आहे. २०२३-२४ या वर्षासाठी कंपनीने ५ रुपये अंतरिम (वर्ष संपण्याआधी दिलेला) आणि ७ रुपये अंतिम, असा एकूण १२ रुपये लाभांश दिला. त्या वर्षी तिचा निव्वळ नफा ३९,६०० कोटी रुपयांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी तेल शुद्धीकरणातील नफ्याचे प्रमाण घटले, घरगुती गॅस खर्चापेक्षा कमी दराने विकल्याचा बोजा कंपनीवर पडला, नफा १३,००० कोटींच्या जवळ आला आणि लाभांश ३ रुपयांवर उतरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९० रुपयांच्या पुढे गेलेला हा शेअर मार्च २०२५ च्या सुरुवातीला ११० च्या आसपास होता. त्या दिवशी मागच्या वर्षाचे १२ रुपये धरून भागाकार करणाऱ्याला जवळजवळ ११ टक्के उतारा दिसला असता, पण त्या भावाने घेणाऱ्याला नव्या वर्षासाठी मिळाले ३ रुपये, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास.

कोल इंडियाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण आमच्या शहरात ते नाव घरचे आहे. तिच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या उपकंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, चंद्रपूर-वणीच्या खाणींत काम केलेली कुटुंबे इथे स्थायिक झाली आहेत, आणि २०१० मध्ये प्रत्येकी २४५ रुपयांनी, किरकोळ गुंतवणूकदारांना पाच टक्के सवलतीत, शेअर विक्रीला आले तेव्हा अनेक घरांतले पहिले डीमॅट खाते त्यासाठीच उघडले गेले. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने एकदम २९ रुपयांचा अंतरिम लाभांश जाहीर केला. वर्तमानपत्रांत तो ‘२९० टक्के लाभांश’ असा छापून आला, कारण ही टक्केवारी बाजारभावावर नव्हे, तर शेअरच्या मूळ नोंदलेल्या १० रुपये किमतीवर, म्हणजे दर्शनी मूल्यावर काढतात. हा २९० चा आकडा पाहून शेअर घ्यायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. शेअरचा भाव तेव्हा तीनशेच्या आत असल्याने खरा उतारा दहा टक्क्यांच्या आसपास होता, आणि तोही पुन्हा तसाच मिळणारा नव्हता. या लाभांशासाठी सुमारे १८,३०० कोटी रुपये वाटले गेले, तर त्या वर्षीचा कंपनीचा एकत्रित निव्वळ नफा सुमारे १५,१०० कोटी रुपये होता. म्हणजे वर्षाच्या कमाईबरोबर आधीच्या वर्षांची साठवणही त्यात गेली, आणि त्यातला सुमारे ९० टक्के वाटा तेव्हाचा मोठा भागधारक या नात्याने केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा झाला.

पुढची वर्षे तर या विषयाचा पाठ म्हणून शिकवावीत अशी आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये शेअर ४४० रुपयांच्या आसपास होता. नंतर तो घसरत गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ११५ च्या जवळ आला. सरकारने जानेवारी २०१५ मध्ये किमान ३५८ रुपये आणि २०१८ मध्ये किमान २६६ रुपये दराने आपला हिस्सा बाजारात विकला होता. आणखी हिस्सा येणार हे सर्वांना माहीत असल्याने भाव वर जायला जागाच उरत नसे. नॉर्वेच्या संसदेने २०१५ मध्ये आपल्या सरकारी निधीला कोळशावर अवलंबून असलेल्या कंपन्यांतून बाहेर पडण्यास सांगितले आणि इतर परदेशी संस्थांतही तोच विचार बळावला. शेवटी टाळेबंदीत विजेची मागणीच पडली. या पाच वर्षांत प्रत्येक शेअरमागे लाभांश मिळाला सुमारे ८९ रुपये आणि भाव उतरला सुमारे ३२५ रुपये.

इथे मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, की आपल्याला शेअर विकायचेच नाहीत, तेव्हा भाव काहीही होवो, लाभांश येत राहिला म्हणजे झाले. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मनापासून काळजीचा वाटतो. एक तर आजारपण किंवा घराची दुरुस्ती विकण्याची वेळ आपल्याला विचारून ठरवत नाही. दुसरे असे, की लाभांश त्या काळात स्थिर राहिलाच नाही. २०१५-१६ साठी २७ रुपये ४० पैसे, पुढच्या वर्षी १९ रुपये ९० पैसे, मग १६ रुपये ५० पैसे, १३ रुपये १० पैसे, आणि २०१९-२० साठी १२ रुपये. उत्पन्न निम्म्याहून खाली आले. घसरता भाव जे आधीपासून सुचवत होता, तेच लाभांशात दिसले.

याच शेअरची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये ११५ च्या आसपास तो घेतला, त्याला पुढच्या चार आर्थिक वर्षांसाठी मिळून ८२ रुपयांहून अधिक लाभांश मिळाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भाव पाचशेच्या पुढे गेला. कंपनी तीच, खाणी त्याच, पण एकाला मुद्दलाच्या सत्तर टक्के रक्कम लाभांशातच परत मिळाली आणि २०१५ च्या खरेदीदाराला आपली किंमत पुन्हा दिसायला साडेआठ वर्षांच्या आसपास लागली. ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या नऊ वर्षांचा लाभांश आणि वाढलेला भाव एकत्र धरला तरी ४४० रुपयांवर त्याचे सारे मिळून साठ टक्क्यांच्या आसपासच सुटले, आणि सात टक्क्यांच्या साध्या सरळव्याजानेही नऊ वर्षांत ६३ टक्के होतात.

सरकारी कंपन्यांच्या बाबतीत लाभांश ठरवणारा हात कोणाचा, हेही वाचकाला ठाऊक असावे. मे २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाने निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मत्तेच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेच्या) ५ टक्के, यांतील जास्त असेल तेवढा किमान लाभांश द्यायचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातले दुसरे प्रमाण ४ टक्के करण्यात आले. म्हणजे मोठा लाभांश व्यवस्थापनाचा आत्मविश्वास दाखवतो तसा कधी अर्थसंकल्पाची निकडही दाखवतो. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसी या तेल काढणाऱ्या सरकारी कंपनीने हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला आणि त्यासाठी कर्ज काढले. जो पैसा नव्या विहिरींना किंवा भागधारकांना मिळू शकला असता, त्याचा मार्ग तिथे वळला. परंतु खासगी व परदेशी कंपन्या यातून सुटतात असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये रॉयल डच शेलने तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला, आणि ही कपात दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली होती.

कराचा भाग आपल्या तक्त्यात अजिबात नव्हता. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरील कर कंपनीच भरत असे. त्यानंतर तो भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, ती लाभांशाला लागू नाही. शिवाय एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, शेअरचा भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो, त्यामुळे केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी शेअर घेणारा बहुधा स्वतःचेच पैसे कर वजा करून परत घेतो.

ऊर्जा क्षेत्रातील शेअर निवृत्तांनी घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पॉवर ग्रिडसारख्या, वीज दूरवर वाहून नेणाऱ्या पारेषण कंपनीचे उत्पन्न मुख्यतः केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीवर चालते, भांडवलावर किती परतावा घ्यायचा हे आधी ठरलेले असते, आणि म्हणून अशा कंपनीचा पाच टक्के उतारा एखाद्या तेल कंपनीच्या नऊ टक्क्यांपेक्षा मला अधिक विश्वासाचा वाटतो. तेल आणि कोळशाचा लाभांश मात्र जागतिक भावाबरोबर आणि सरकारी धोरणाबरोबर हलतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज सुरू झाले, त्यात मुद्दल जसेच्या तसे परत येते, आणि ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. आधी ती मर्यादा वापरून झाली आहे का, एवढे तरी प्रत्येकाने शेअरकडे वळण्यापूर्वी पाहावे.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वेळी हा तक्ता छापताना उताऱ्याच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने द्यावेत. पाच वर्षांपूर्वीचा शेअरचा भाव, त्या पाच वर्षांतील प्रत्येक वर्षाचा लाभांश रुपयांत, नफ्यातील किती हिस्सा वाटला गेला याचे प्रमाण, आणि लाभांश व भाव मिळून झालेला एकूण परतावा. ही सारी माहिती कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असते, ती एकत्र आणण्याचे काम तेवढे करावे लागेल. ज्यांची मुदत ठेव पूर्ण होत होती त्या गृहस्थांनी तूर्तास ती तीन महिन्यांसाठीच नूतनीकृत केली आहे. असा तक्ता तेवढ्यात प्रसिद्ध झाला, तर मंडळाच्या सभेत मी तो सर्वांसमोर ओळीने वाचून समजावीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नागपूर