लॅबच्या यादीवर मलाच पेन्सिल फिरवायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

मी तुम्हाला आठवत असेन असं वाटत नाही. तुमच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर रोज इतकी माणसं बसतात, आणि त्यातलं कोणी लक्षात ठेवायचं नाही हाही तुमच्या कामाचाच भाग असावा. मला मात्र तुम्ही पक्क्या आठवता. शेवटचा रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा बोलायचं ठरवलं होतं, पण गळा भरून यायला लागला म्हणून नुसतं "थँक्यू मॅडम" म्हणून बाहेर पडले. ते फारच अपुरं होतं. उरलेलं इथे लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्यासारखं कोणीतरी असतं हे आणखी काही जणांना कळलं तर बरंच होईल.

मला हवं होतं ते तसं साधंच होतं. आधीचं नातं संपून बरेच महिने झाले होते, नवं जुळत होतं. दोघंही कळत्या वयाची. पुढे जाण्याआधी दोघांनी लैंगिक आजारांसाठी तपासून घ्यावं आणि ते खिशाला झेपेल अशा ठिकाणी व्हावं, एवढंच. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, आणि गाडी तिथेच अडत होती. आजारी माणसाला डॉक्टर तपासण्या लिहून देतात. धडधाकट बाईने, आणि तीही लग्न न ठरलेल्या, स्वतःहून ही तपासणी मागितली की आधी तिच्या चारित्र्याची तपासणी सुरू होते.

एका डॉक्टरांनी विचारलं, "काही झालंय का?" म्हटलं, नाही. "लग्न ठरलंय?" नाही. "मग कशाला?" आणि वर मला धीर द्यायचा म्हणून, "अहो, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता." हे वाक्य ते प्रेमाने बोलले याचाच मला जास्त राग आला. त्यांच्या लेखी जंतू घराणं बघून येतात! दुसऱ्या एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने माझी चिठ्ठी वाचली आणि आतल्या मुलीला हॉलच्या या टोकावरून ओरडून विचारलं, "अगं, एचआयव्ही आज घेतायत का?" बसलेले सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. त्यांचं वागणं सभ्यपणाचंच होतं, तरी मी चिठ्ठी उचलली आणि निघाले.

मग ती गोड आवाजाची लॅब. दोन मिनिटांच्या फोनमध्ये "गोपनीय" कितीदा म्हणाली त्याची गणती नाही. त्यांनी पॅकेजची यादी पाठवली. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी, टॉर्च पॅनेल, हर्पिसच्या दोन तपासण्या, आणखी काय काय. यातलं मला नेमकं काय लागेल, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, फुल पॅकेज करून टाका म्हणजे टेन्शन नाही." रक्कम ऐकून टेन्शन आलंच. पण मी ते घेणार होते, ताई. खरंच घेणार होते. कारण लाजलेला माणूस घासाघीस करत नाही, "एवढं कशाला" असंही विचारत नाही, त्याला फक्त लवकर सुटायचं असतं. हे त्या लॅबला नीट माहीत होतं. त्यांच्या दरात रक्ताच्या तपासणीचे पैसे थोडे आणि माझ्या लाजेचे बरेच होते.

सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, तिथे समुपदेशन कक्ष असतो, हे एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून तुमच्याकडे आले. यादी पर्समध्ये होती. तुम्ही प्रश्न विचारायला सुरुवात केलीत. शेवटचा संबंध कधी आला, कोणाशी, कंडोम होता का, तोंडाने की आणखी कसा. शिंप्याने माप घ्यावं तशा सुरात विचारत होतात. सुरुवातीलाच म्हणालात, "हे मी सगळ्यांना विचारते. उद्या आमचे साहेब येऊन या खुर्चीवर बसले तरी हेच विचारीन." मी हसले. त्या विषयावर कुठल्याही दवाखान्यात आलेलं ते माझं पहिलं हसू.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

मी यादी पुढे केली. तुम्ही वाचलीत. मला वाटलं, आता एकतर "हे काय घेऊन आलात" असं ऐकावं लागेल, नाहीतर तुम्ही स्वतःच भराभर काट मारून कागद परत द्याल. तुम्ही टेबलावरची पेन्सिल उचललीत आणि माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "मी सांगते, पटलं तर तुम्ही काढा. नाही पटलं तर राहू दे."

थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलला पटवायची गरजच पडली नाही. हर्पिसपाशी मी थांबले, कारण नाव भीतीदायक होतं. तुम्ही घाई केली नाहीत. ज्याने ओठावर फोड येतात त्या प्रकारच्या हर्पिसचा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या अंगात असतो, बऱ्याच जणांना तो लहानपणीच मिळालेला असतो, म्हणून काहीही त्रास नसताना रक्ताची ही तपासणी केली तर हाती बहुतेक वेळा नुसती काळजीच लागते, असं समजावलंत. फोड आला तर त्याचा नमुना तपासायचा, तेव्हा त्याला अर्थ आहे. मग मी काढलं. टॉर्च पॅनेल ही गरोदरपणाच्या संदर्भातली तपासणी, माझ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. तेही काढलं. एकेका ओळीवर मी स्वतःच्या हाताने रेघ मारत होते, आणि खरं सांगते, प्रत्येक रेघेबरोबर पाठ थोडी सरळ होत होती. इतके दिवस या विषयात मला सगळे काहीतरी करायला सांगत होते किंवा करू नका म्हणत होते. मला कळू शकतं, मी ठरवू शकते, हे कोणी गृहीत धरलं नव्हतं. तुम्ही ते भाषण न देता, एक झिजलेली पेन्सिल देऊन केलंत.

शेवटी यादीत उरलं काय, तर एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी आणि हेपटायटिस बी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आता जे यात नाहीच ते लिहा," आणि मी खाली माझ्याच अक्षरात लिहिलं, क्लॅमिडिया आणि गोनोरिया, संबंधातून पसरणारे दोन जिवाणूंचे संसर्ग. एवढ्या लांबलचक, एवढ्या महाग यादीत या दोघांचा पत्ता नव्हता! व्हिटॅमिन डी होतं. तुम्ही त्या लॅबबद्दल वाईट बोलला नाहीत, नुसती भुवई जरा वर केलीत. मी तेवढी थोर नाही, म्हणून बोलते. हे अडाणीपणातून झालं असेल तर वाईट, आणि ठरवून झालं असेल तर फारच वाईट.

ती तपासणी तुमच्याकडे होत नव्हती. "बाकीचं इथे फुकट होतंय, जे पैसे वाचले ते यावर घाला," हे तुमचे शब्द. स्त्रियांमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा गुपचूप बसून असतो, कळत नाही, आणि तसाच राहिला तर वर गर्भनलिकांपर्यंत पोचून नुकसान करू शकतो, हे सांगितलंत. नमुन्याचा बोळा स्वतःचा स्वतः घेतला तरी चालतो, डॉक्टरांनी घेतल्याइतकाच भरवशाचा असतो, हेही तुम्हीच सांगितलंत. माझी निम्मी भीती तिथे गेली, कारण मला तपासणीच्या टेबलावर कोणासमोर झोपायचं नव्हतं.

रिपोर्ट आले. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही, हेपटायटिस बी नाही. क्लॅमिडिया आहे.

एक महागडं पॅकेज करून, सगळं "नॉर्मल" असल्याचा कागद मिरवत मी नव्या जोडीदाराकडे गेले असते आणि त्याला क्लॅमिडिया देऊन आले असते. हा विचार अजूनही रात्री येतो. पण तुमच्यासमोर बसले होते तेव्हा तो फार वेळ टिकला नाही. तुम्ही कागद वाचून म्हणालात, "सात दिवसांच्या गोळ्या आहेत. बरं होतं." मग डॉक्टरांकडून लिहून आणलंत. कोणाकडून आला असेल, कधी आला असेल, यावर एक अक्षर नाही. मीच विषय काढला तेव्हा एवढंच, की आधीच्या जोडीदाराला कळवायला हवं, त्यालाही बहुधा पत्ता नसेल. निरोप कसा लिहायचा तेही सांगितलंत: तारीख नको, हिशेब नको, "माझ्या तपासणीत हे निघालं, तूही करून घे, औषध सोपं आहे." मी तसाच पाठवला. चारच शब्दांचं उत्तर आलं, पण तो गेला तपासायला.

नव्या जोडीदाराच्या बाबतीतही तुम्ही मला एका भांडणातून वाचवलंत. मी विचारलं होतं, त्याला कसं सांगू? तुम्ही म्हणालात, "तू करून ये असं म्हणू नका. मी करून आले, हे बघ, आता तुझी पाळी, असं म्हणा." त्याचा शेवटचा संबंध अलीकडचा होता, तेव्हा बोटांवर मोजून म्हणालात की एचआयव्हीची तपासणी त्या दिवसापासून ४५ दिवस भरल्यावर करायला सांगा, तीही नव्या प्रकारची, हातातून रक्त काढून लॅबमध्ये करतात ती. आधी केली तर निगेटिव्हचा अर्थ अर्धाच. तोवर कंडोम आहेच. त्याने कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, "एवढं नीट मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं." त्याला मी रेघा मारलेली ती यादी दाखवली. त्याच्याही फोनवर तसंच एक पॅकेज येऊन पडलं होतं.

तुमच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक आजारांचे रोज दहा लाखांहून जास्त नवे संसर्ग होतात, असं त्यावर आहे. वाट बघताना तो आकडा मी बराच वेळ बघत होते. रोज दहा लाख म्हणजे सगळ्या "चांगल्या घरच्यांना" मोजल्याशिवाय हा हिशेब जुळणारच नाही. सिफिलिस ओळखणारी रक्ततपासणी १९०६ सालची, त्यावर पेनिसिलिन चालतं हे १९४३ मध्ये कळलं. रोग ओळखायची, बरा करायची सोय इतकी जुनी आहे. तपासणी मागायला आलेल्या माणसाकडे बघून कपाळावर जी आठी पडते तिच्यावर मात्र अजून गोळी निघालेली नाही.

आणि तरीही तुमच्यासारखी माणसं असतात. कमी पगाराच्या, जास्त गर्दीच्या, रंग उडालेल्या खोल्यांमध्येच ती जास्त भेटतात असा माझा अनुभव आहे, अर्थात तो सार्वत्रिक नियम नसेल. रांगेतल्या म्हाताऱ्याला खुर्ची देणारा शिपाई, रक्त घेताना "बघू नका, दुसरीकडे बघा" म्हणून गप्पा मारणारी तुमच्याच शेजारच्या खोलीतली मुलगी. तिलाही माझे आभार सांगा. तिला वाटलं असेल मी सुईला घाबरले. सुईची भीती मला कधीच नव्हती. ती माझं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेल याची होती. तिने नंबर वाचला.

त्या पहिल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी पाठवलेली नाही. पाठवावी असं कधी कधी वाटतं. "चांगल्या घरच्या बाईचा रिपोर्ट" असं वर लिहून. बघू.

गोळ्या संपल्या. त्या संपेपर्यंत संबंध टाळायचा, तेही सांगितल्याप्रमाणे पाळलं. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायला यायचं हे लक्षात आहे. हेपटायटिस बीची लस आधी कधी घेतली नव्हती म्हणून तुम्ही सुरू करून दिलीत, तिचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. नवा जोडीदारही येणार आहे माझ्याबरोबर, त्याचीही लस राहिली आहे. त्याच्याकडे प्रश्नांची मोठी यादी आहे आणि तो फार बोलतो, हे आधीच सांगून ठेवते. तुमची ड्युटी सकाळची असेल तर आम्ही सकाळीच येऊ.

तुमची,
एक पेशंट