साफसफाईच्या मोहिमेने प्रश्न सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकट्या राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या सदनिकेतून ट्रक भरून सामान बाहेर काढल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. शेजाऱ्यांची तक्रार, दुर्गंधी, पोलीस, महापालिकेचे कर्मचारी आणि शेवटी मोकळी झालेली खोली असा त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि खोली मोकळी झाली की बातमीही संपते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सहाय्यित निवासाच्या इमारतींमध्ये केसवर्कर, म्हणजे भाडेकरूंना अडीअडचणींत मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. खोली मोकळी झाल्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे तेथे मला जवळून पाहावे लागले. आपल्याकडेही अशा निवासांची सुरुवात झाली आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सहाय्यित निवास म्हणजे आश्रम नव्हे की वसतिगृह नव्हे. वर्षानुवर्षे रस्त्यावर, निवारागृहात किंवा मनोरुग्णालयात काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या भाडेकरारावर खोली मिळते, उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के इतकेच भाडे तो देतो, बाकीचा भार अनुदान उचलते आणि मदतीला केसवर्कर असतो. आधी व्यसन सोडा, औषधे नियमित घ्या, मगच घर देऊ, ही जुनी अट न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली सुरू केलेल्या कामाने मोडीत काढली आणि आधी घर देण्याची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. मात्र मिळालेले घर टिकवणे हे वेगळेच काम आहे. थकलेले भाडे आणि भांडणे यांमुळे घर जाते हे सर्वांना ठाऊक असते. खोलीतील पसाऱ्यामुळेही ते जाऊ शकते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण असा भाडेकरू बहुधा शांत असतो, भाडे वेळेवर भरतो आणि कुणाला दार उघडत नाही. ते दार तपासणीच्या दिवशी उघडावे लागते.

माझ्याकडच्या एका वयस्क बाईंचे दार वीतभरच उघडत असे, कारण मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे छातीपर्यंत आलेले होते. अंग चोरून आत गेल्यावर शेगडीवर पत्रांचा ढीग दिसे, न्हाणीघरातील टबात कपड्यांच्या पिशव्या भरलेल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर दह्याचे धुऊन वाळवलेले प्लास्टिकचे डबे एकात एक घालून नीट रचलेले असत. बाई झोपत होत्या खुर्चीत, कारण पलंग दिसतच नव्हता. त्या इस्पितळात असताना इमारतीच्या व्यवस्थापनाने त्यांच्या गैरहजेरीत खोली रिकामी करवली. करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हेही सांगितले पाहिजे. परत आल्यावर बाईंनी पहिली चौकशी केली ती एका पिशवीची, जिच्यात त्यांच्या मुलाची पत्रे होती. ती कचऱ्यात गेली होती. पुढे वर्षभराच्या आत खोली पूर्ववत भरली आणि त्यांनी मलाही दार उघडणे बंद केले. आमच्या क्षेत्रात ज्याला विचारा तो असाच अनुभव सांगेल.

याचे कारण वस्तुसंचयाच्या, म्हणजे वस्तू टाकताच न येण्याच्या, विकाराच्या स्वरूपातच आहे. पूर्वी वस्तुसंचय हे मंत्रचळेपणाचे, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचे, एक लक्षण मानले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही तो स्वतंत्रपणे नोंदला गेला. प्रौढांमध्ये शंभरात दोन ते तीन जणांना तो असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते, पण बोभाटा होतो तो उतारवयात, जेव्हा सोबत राहणारे माणूस उरत नाही. श्रीखंडाचे डबे आणि दुधाच्या पिशव्या जपून ठेवणारी आजी आपल्या घरोघरी असते, आणि तिला हा विकार नाही, कारण जागा संपली की ती बोहारणीला बोलावते. विकार असलेल्या माणसाला वस्तू हातावेगळी करताना खरोखरीचा क्लेश होतो. काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णयच त्याच्याकडून होत नाही. त्यात जो रस्त्यावर राहिला आहे, ज्याचे अंथरूण आणि कागदपत्रे पालिकेच्या गाडीने एकदा नव्हे, अनेकदा उचलून नेली आहेत, त्याच्या हातून काही सुटत नसेल तर त्याचे नवल वाटायला नको. त्याच्या खोलीवर आणखी एक गाडी आणून उभी करणे म्हणजे त्याची भीती खरी ठरवणे होय.

याचा अर्थ पसाऱ्याकडे काणाडोळा करावा, असा मुळीच नाही. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या १९९९ ते २००९ या काळातील नोंदींनुसार राहत्या घरांना लागलेल्या आगींपैकी अशा पसाऱ्याच्या घरांतील आगी अवघ्या ०.२५ टक्के होत्या, परंतु आगीतील टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी २४ टक्के मृत्यू त्या आगींत झाले होते. जळण्याजोगे सामान भरपूर आणि बाहेर पडायला वाट नाही, हे त्यामागचे कारण आहे. शिवाय वरच्या मजल्यावर लहान मुले राहत असतील, तर त्या खोलीचा धोका एकट्या भाडेकरूचा उरत नाही. शेजाऱ्यांची तक्रार खोटी नसते, आणि हे केसवर्करने भाडेकरूला तोंडावर सांगितले पाहिजे.

म्हणूनच उपयोगी पडते ती पद्धत टापटिपीचा आग्रह सोडते आणि धोक्याला धरून ठेवते. पहिल्या भेटीत कोणतीही वस्तू हलवायची नाही. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि बैठकीची खोली यांची पसाऱ्याच्या चढत्या क्रमाने प्रत्येकी नऊ छायाचित्रे असलेले एक मापन रॅंडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या संशोधकांच्या कामातून तयार झाले आहे. भाडेकरूने स्वतः बोट ठेवून 'माझी खोली हिच्यासारखी' असे सांगायचे. त्यामुळे घाणेरडे, गलिच्छ असे शब्द वापरण्याची वेळच येत नाही आणि सहाव्या चित्रावरून चौथ्यावर यायचे आहे, एवढे दोघांनाही कळते. मग लेखी उद्दिष्ट ठरते: दारापासून पलंगापर्यंत तीन फूट वाट, शेगडी आणि हीटरभोवती काहीही नाही, खिडकी उघडली पाहिजे, नळ व विजेच्या बटणापर्यंत दुरुस्तीवाल्याचा हात पोहोचला पाहिजे. उरलेल्या जागेत डबे ठेवावेत की गठ्ठे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांना हे पचायला जड जाई, कारण खोली चकचकीत दिसल्याशिवाय आपण काही काम केले, असे माणसाला वाटतच नाही.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे असते. आठवड्यातून एकदा तासभर बसायचे, एकच ढीग घ्यायचा आणि प्रत्येक वस्तू भाडेकरूनेच उचलायची. केसवर्करने परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. एका सत्रात कधी एक पिशवी निघते, कधी एकही निघत नाही. बाहेर काढायचे ठरलेले सामान मात्र त्याच दिवशी इमारतीबाहेर गेले पाहिजे, नाहीतर ते रात्रीतून परत आत येते. त्याचबरोबर नवे सामान आत येण्यावरही काम करावे लागते, म्हणजे रद्दीच्या कुंडीजवळून रिकाम्या हाताने पुढे जाण्याचा चक्क सराव करावा लागतो. या विकारासाठी बेतलेल्या वर्तनोपचारात सुमारे सव्वीस बैठका धरलेल्या असतात आणि त्यांतील काही घरी जाऊनच घ्यायच्या असतात. तितके तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून हाच त्रास असलेल्यांनी चालवलेले मदतगट सुरू झाले, आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका अभ्यासात अशा गटांचा उपयोग मानसशास्त्रज्ञांनी चालवलेल्या गटांइतकाच झाल्याचे आढळले. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या आपल्या राज्याने या गोष्टीची विशेष नोंद घ्यावी.

कायद्याची साथ नसती, तर एवढा वेळ कुणी दिला नसता. अमेरिकेच्या गृहनिर्माण समानता कायद्यात १९८८ साली अपंगत्वाचा समावेश झाला. त्यामुळे विकार असलेल्या भाडेकरूने मुदत व मदत मागितली आणि ती वाजवी असली, तर घरमालकाला ती सहजासहजी नाकारता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये घराबाहेर काढण्याचा खटला गृहन्यायालयात उभा राहिला की अशा भाडेकरूसाठी मध्यस्थ कार्यकर्ता नेमण्याची योजना आहे. न्यायाधीशांसमोर तारखांसह आराखडा ठेवला जातो आणि त्या तारखांपर्यंत खटला थांबतो. सगळी घरे वाचतात असे नाही. काही भाडेकरू शेवटपर्यंत दार उघडत नाहीत आणि ती घरे जातात.

आता आपल्याविषयी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि सहाय्यित निवासाची सोय करणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने चार-पाच जणांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहण्याचा उपक्रम उभा केला आणि तो रत्नागिरीपर्यंत आला. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतून बरे झालेले, पण घरच्यांनी परत न नेलेले लोक जसजसे अशा घरांत जातील, तसतसा पसाऱ्याचा प्रश्न येथेही येणार. वॉर्डात ज्याला स्वतःचे कपाटही नव्हते, तो पहिल्या स्वतंत्र खोलीत काय काय जमवील, याची कल्पना करणे अवघड नाही. सामायिक घरात तर एकाच्या सामानाने दुसऱ्याची वाट अडते, म्हणून तेथे प्रत्येकाची जागा आखून देणे आणि कुलूप लागेल असे एक कपाट देणे हे पहिल्याच दिवशी झाले पाहिजे.

आरोग्य विभागाने अशा घरांसाठी नियमावली करताना त्यात तीन बाबी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. राहणाऱ्याच्या गैरहजेरीत आणि संमतीशिवाय त्याचे सामान काढता येणार नाही, आग किंवा इमारतीला तातडीचा धोका असेल तेवढाच अपवाद असेल, आणि त्या वेळीही कागदपत्रे, छायाचित्रे व पत्रे वेगळी काढून ठेवली जातील. तपासणीचे निकष मोजता येतील असेच असतील, 'अस्वच्छता' असा मोघम शब्द त्यांत नसेल. आणि कार्यकर्त्याच्या वेतनात या घरभेटींचे तास धरलेले असतील. शेवटची बाब पहिल्यांदा कापली जाते, हे अनुभवाने सांगते, आणि ती कापली की उरलेल्या दोन केवळ कागदावर राहतात.

आपली,
एक निवृत्त समाजकार्यकर्ती,
कोथरूड, पुणे