कॅनिस्टर फिल्टर धुताना आणि वीज परत आल्यावर

प्रति,
मा. संपादक,

विषय : घरगुती मत्स्यटाकीच्या फिल्टरची पावसाळ्यातील निगा

महोदय,

मृग तोंडावर आला आहे आणि कोकणात त्याच्या जोडीने तासन् तास वीज जाण्याचे दिवसही आले आहेत. आपल्याकडे अनेक घरांत, खाणावळींत आणि पर्यटकांच्या निवासांत काचेच्या मोठ्या टाक्यांतून शोभिवंत मासे पाळलेले असतात. अशा टाकीला बहुधा कॅनिस्टर फिल्टर जोडलेला असतो, म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवलेला एक बंद डबा, ज्यात टाकीतले पाणी एका नळीने उतरते आणि स्पंज व सिरॅमिक रिंगांच्या थरांतून जाऊन दुसऱ्या नळीने वर येते. हा डबा चुकीच्या रीतीने धुतल्यामुळे, आणि वीज आल्यावर तो तसाच सुरू केल्यामुळे, दरवर्षी पुष्कळ मासे हकनाक मरतात. ते टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळत राहतो. फिल्टरमधील रिंगांवर आणि स्पंजाच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना विषारी आहेत, तर नायट्रेट बरेच सौम्य असून ते पाणी बदलताना निघून जाते. या जिवाणूंची पुरेशी वाढ व्हायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. झाकण घट्ट बसवलेल्या डब्यात तो फक्त वाहत्या पाण्याबरोबर येतो. पंप थांबला की आतला प्राणवायू काही तासांतच संपतो, जिवाणू मरू लागतात आणि साठलेला गाळ कुजतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली तालुक्यात अनेक दिवस वीज नव्हती. आम्ही घरातली माणसे पाळी लावून मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून टाकीत ओतत होतो. खाद्य जवळजवळ बंद ठेवले होते आणि त्या सगळ्या काळात एकही मासा दगावला नाही. वीज आली त्या संध्याकाळी आनंदाच्या भरात मी फिल्टरचे बटण दाबले. नळीतून काळपट पाणी आले, खोलीभर सडक्या अंड्यासारखा वास पसरला आणि सकाळपर्यंत माझे पाचही एंजल मासे तळाशी आडवे पडलेले होते. वादळातून वाचवलेले मासे माझ्याच हातून गेले, ही बोच अजून आहे. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की वीज दोन-तीन तासांहून अधिक काळ गेली, तर डबा उघडून रिंगा आणि स्पंज एखाद्या जाळीच्या पिशवीत घालून टाकीतच सोडाव्यात. ते जमले नाही, तर वीज आल्यावर निदान डब्यातले पाणी आधी फेकून द्यावे, आतले सामान टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि मगच पंप सुरू करावा.

दुसरी चूक धुण्यातली. मला एका विक्रेत्याने फिल्टर देताना ‘महिन्याला सगळे नळाखाली स्वच्छ धुवा’ एवढेच सांगितले होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे जिवाणू मरतात. विहिरीचे पाणी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असेही समजू नये. पावसाळ्यात सार्वजनिक विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनयुक्त पावडर, टाकतात आणि ती टाकलीच पाहिजे. पण त्याच दिवशी त्या पाण्याने रिंगा धुतल्या, तर परिणाम तोच होतो. पाणी बदलताना टाकीतून बादलीभर पाणी काढावे आणि त्यातच स्पंज पिळावा. रिंगा नुसत्या हलवून गाळ सोडवावा, घासू नयेत, साबण तर मुळीच लावू नये. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुण्याऐवजी मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. वरचा पांढरा कापूस मात्र खुशाल फेकून नवा घालावा.

पंपाचे डोके उघडल्यावर आत चुंबकाचा फिरता भाग, म्हणजे इम्पेलर, दिसतो. त्यावरचा तपकिरी बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढावा. त्याचा सिरॅमिकचा दांडा पेन्सिलीच्या शिशासारखा मोडतो, तेव्हा तो बेताने ओढावा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू सुंदर दिसते म्हणून काही जण ती टाकीत घालतात, पण तिच्यातले लोहयुक्त कण या चुंबकाला दाढीसारखे चिकटतात आणि दांडा झिजवतात. फिल्टर घरघरू लागला तर आधी तेथे पाहावे. झाकणाच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. कडे कोरडे पडले की रात्रीतून कपाटभर पाणी होते.

जांभ्यातून झिरपलेले आपले पाणी मऊ असते आणि जिवाणूंच्या कामामुळे ते हळूहळू आम्लधर्मी होत जाते. फार आम्ल पाण्यात जिवाणूंचे कामच मंदावते. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरच्या टोपलीत ठेवल्या की त्या सावकाश विरघळून पाणी सावरतात. हा बिनखर्चाचा उपाय मी कित्येक वर्षे करीत आहे. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्याही डबा उघडताना पाहाव्यात. वायरीला सॉकेटच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे नळीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. डब्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे.

आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या आहेत. शोभिवंत मासे विकणाऱ्यांनी फिल्टरसोबत वरील माहितीचा एक मराठी कागद द्यावा. ग्रामपंचायतींनी विहिरीत टीसीएल टाकण्याचा दिवस आदल्या संध्याकाळी फलकावर लिहावा. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांनी पावसाळ्याच्या आरंभी या विषयावर आपल्या अंकात लिहिले, तर माझ्यासारख्या हौशी माणसाच्या पत्रापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, दापोली, जि. रत्नागिरी