टँकमध्ये फक्त साधं पाणी घाला

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

तुम्ही पुढच्या आठवड्यात येताय आणि मी नेमकी ऑफिसच्या कामाला पुण्यात. घर तुम्हाला माहीत आहे, हॉलमधला प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा टँक तेवढा नवा. बाबा फोनवर म्हणाले, "लोकांला प्यायला पाणी नाही अन् तू खारं पाणी काचेत भरून काय करायलीस?" २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं, ते हे विचारणारच. तर आधी हिशेब. टँक ६० लिटरचा. आठवड्याला त्यातलं सहा लिटर बदलते, म्हणजे अर्धी बादली. आरओचं एक लिटर निघताना दोन-तीन लिटर बाजूला जातं, ते लादी पुसायला आणि संडासात वापरते. थेट बोअरचं पाणी चालत नाही. त्यातल्या नायट्रेटवर शेवाळ माजतं.

आता मुख्य काम, ते बाबांकडे. या उन्हात टँकमधून रोज लिटरभर पाणी उडतं. मीठ मात्र कुठं जात नाही. ऊस घेऊन घेऊन खालच्या वावरात खार फुटला होता ना, तोच प्रकार. म्हणून उडालेल्या पाण्याची भर साध्या आरओच्या पाण्यानंच करायची, खाऱ्या नाही. ओट्याखाली दोन कॅन आहेत, त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. खारा कॅन उघडूच नका. टँकच्या मागच्या कप्प्यात, पंपाजवळ, काचेवर काळी पट्टी आहे. पाणी कमी झालं की तिथंच दिसतं. पट्टीपर्यंत सावकाश ओता, रोज सकाळी. क्षारता ३५ वर आहे, लिटरमागे ३५ ग्रॅम, समुद्रात असते साधारण तेवढीच.

आणि ओतायला प्लास्टिकचा निळा मगच घ्या. देवघरातला तांब्या नको! तांबं पाण्यात थोडं जरी उतरलं तरी प्रवाळ, गोगलगाय, झिंगा काही वाचत नाही. बाबा, तुमच्या हातातलं तांब्याचं कडंही पाण्याबाहेरच राहू द्या. खरं तर हातच घालू नका. दगडावर हिरवी-केशरी बटणं दिसतात, ती झोअँथिड, म्हणजे प्रवाळाचेच मऊ भाऊबंद. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. बोटाला चीर असेल किंवा ओला हात डोळ्याला लागला तर दवाखाना गाठावा लागेल. दगड बाहेर काढून गरम पाण्यानं घासणं तर अजिबात नाही, त्या वाफेनंही माणसं आजारी पडली आहेत.

आई, तुझ्याकडे उजेड आणि तपासणी. या प्रवाळांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाण्यात लाल उजेड लवकर विरतो, निळा खोल जातो, म्हणून दिवा असा निळा. पाहुण्यांना तो जरा लग्नाच्या मांडवातला वाटतो, वाटू दे. टायमर लावलेला आहे, दिवसाला नऊ तास. रात्री कुणाला दाखवायला म्हणून लावू नकोस, आणि पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारी बंदच ठेव. ऊन आणि उष्णता दोन्ही वाढली की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ साली लक्षद्वीपला समुद्रातच असं झालं होतं. टँक २६ अंशांवर ठेवायचा. २८ च्या वर गेला तर वरचा छोटा पंखा लाव. कूलरसारखंच, पाणी उडवून गारवा. फक्त त्या दिवशी बाबांना जास्त पाणी ओतावं लागेल.

पीएच सकाळी ७.९ आणि संध्याकाळी ८.२ दिसला तर घाबरू नकोस. रात्री सगळेच श्वास सोडतात, दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड खातं. घरात पाहुणे भरले आणि खिडक्या बंद असल्या तरी तो उतरतो. (मावशी येणार असेल तर खिडकी उघड.) बुधवारी एकदा अल्कलिनिटी बघ, म्हणजे पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद. नळीत पाच मिली पाणी, थेंब थेंब टाकत हलवायचं, निळसर रंग गुलाबी झाला की आकडा वाचायचा. आठवीच्या पोरांकडून प्रयोग करून घेणारीला मी काय सांगू. आठ-नऊ आला तर उत्तम. सातच्या खाली आला तर मला फोन कर, स्वतः पावडर टाकू नकोस. आकडा थोडा कमी असला तरी प्रवाळ निभावतं, एकदम वर चढला तर आक्रसून बसतं.

मासे दोनच, भुकेले दिसतात. ते कायम तसेच दिसतात. दिवसातून एकदा चिमूटभर, बास. उरलेलं कुजून अमोनिया होतो.

लाइट गेली तर दिव्याची काळजी नाही, पाणी हलतं राहायला हवं. कपाटात सेलवरचा हवेचा पंप आहे, नळी टँकमध्ये सोडून बटण दाबा.

बाबांच्या अंगठीतलं पोवळंही अशाच जीवाचा सांगाडा. पण काळजी नको, आपल्या समुद्रातून काही उचलून आणलेलं नाही. दगडी प्रवाळ तर वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहेत, ते मी ठेवलेलेच नाहीत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं पठार, तिथं आपल्या महाराष्ट्राचीच प्रवाळं आहेत.

कुरडया आणशीलच, आई. डबा टँकच्या टेबलावर ठेवू नकोस, तिथं खारे शिंतोडे उडतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. स्टँडवर उतरलात की फोन करा, रिक्षा मी इथून बुक करते.

तुमची,
धाकटी