केमिकल टँकरवर चढण्याआधी

जुबैल, सौदी अरेबिया

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुला डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून केमिकल टँकर मिळाल्याचं बाबांनी कळवलं. फार बरं वाटलं. ‘बाहरी’ काय वाहते, असं आईने विचारलंय. तिला सांग, ही सौदीची राष्ट्रीय शिपिंग कंपनी, १९७८ सालची. तिची क्रूडची (कच्च्या तेलाची) मोठी जहाजं एका खेपेत सुमारे २० लाख बॅरल उचलतात. गाड्या, यंत्रसामग्री, कंटेनर यांची जहाजं निराळी. रसायनांसाठी १९९० मध्ये साबिक या सौदी रसायन कंपनीबरोबर भागीदारीत वेगळी कंपनी काढली. तुझं जहाज तिच्यातलं.

क्रूडच्या जहाजावर बहुधा क्रूडनंतर क्रूडच भरतात. तुझ्याकडे मात्र टाकीगणिक माल वेगळा, आणि रिकामी झालेली टाकी पुढच्या मालासाठी धुवायची. सगळी मेख या धुण्यातच आहे.

समज, पामतेल उतरवलं आणि आता मिथेनॉल भरायचंय. पामतेल गार झालं की थिजतं, म्हणून पहिल्यापासून गरम पाणी. स्टायरीन या प्लास्टिकच्या कच्च्या मालाचं नेमकं उलट, पहिलं पाणी गारच मारायचं. गरम मारलं तर त्याचं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट, होऊन पत्र्याला चिकटतं, मग खरवडत बसा. टाकीला आतून झिंकचा लेप असेल तर कॉस्टिकचा डिटर्जंट वापरायचा नाही, लेपच खातो. धुलाई समुद्राच्या पाण्याने झाली तरी शेवटचं पाणी गोडंच हवं, नाहीतर मीठ राहतं. मग हवा खेळवायची, पुसून कोरडं करायचं. माल दडून राहतो तो पंपाच्या खड्ड्यात, व्हॉल्व्हमध्ये, शिडीच्या पायऱ्यांखाली. तिथे बॅटरी मारून स्वतः बघ.

मग सर्व्हेअर, म्हणजे टाक्या तपासणारा, येतो. टाकीच्या भिंतीवर मिथेनॉल सोडून ते ओघळ खाली बाटलीत धरतो. त्यात पाणी घातल्यावर गढूळ झालं तर तेल शिल्लक आहे. सिल्व्हर नायट्रेटने पांढुरकी झाक आली तर मीठ. त्या ओघळात घातलेल्या परमँगनेटचा गुलाबी रंगही ठरलेल्या वेळेआधी उडता कामा नये. एकात जरी नापास झालं तरी पुन्हा धुलाई, आणि तोवर जहाज खोळंबलेलं. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या टाक्याही इथे नापास होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी मोजलेला हवा, तिन्हीकडे २०.९ टक्के. मिथेनॉलच्या वर पुष्कळदा नायट्रोजन भरतात. त्याला वास नाही, रंग नाही, दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आत कोणी पडलेला दिसला तर मागोमाग उतरू नकोस, आधी गजर दे. दुसरा जीव जातो तो अशा धावून जाण्यानेच. ब्रीदिंग सेट (श्वासासाठी हवेची बाटली आणि मास्क) लावलेली माणसंच उतरतील. टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही नसेल तर कोणीही सांगो, सरळ ‘नाही’ म्हण.

ऑक्टको (तेल आणि केमिकल टँकरवरचा माल हाताळण्याच्या) कोर्सचं सर्टिफिकेट हातातल्या बॅगेत ठेव. जहाजावर पोचलास की कार्गो कंट्रोल रूममध्ये त्या खेपेच्या मालांची डेटा शीट (प्रत्येक मालाची माहिती आणि धोके) असतील, ती पहिल्याच दिवशी वाचून काढ.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका