गेमच्या टेबलावर आधी माणसांचा आवाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम्सवरचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायच्या खेळांवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या खेळाला अर्धं पान मिळालं याचा इतका आनंद झाला की लेख दोनदा वाचून काढला, पण शेवटच्या चौकटीत जे लिहिलंय की दमदार सिनेमॅटिक म्युझिक मोठ्या स्पीकरवर लावा, खेळ आपोआप रंगतो, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी सहा वर्षं गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि बाकीची पात्रं बोलणारी म्हणून, सेशन (खेळाच्या बैठका) चालवतेय, आणि नेमकं हेच करून आमच्या टेबलावरचा एक माणूस मी गमावत आणला होता.

आमच्यातला एक मित्र कानाला मशीन लावतो. पहिल्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या एका लांब कथेत) सगळ्यात जास्त बोलणारा तोच, दर सीनमध्ये काहीतरी भन्नाट सुचायचं त्याला. मग मी हौसेने स्पीकर आणला, प्लेलिस्ट बनवल्या, आणि तो गप्प होत गेला. पाळी आली की आधी शेजारच्याकडे बघायचा, मग "मी अटॅक करतो" एवढंच म्हणून फासा टाकायचा. मला वाटलं कॅरेक्टरला कंटाळला असेल. चौथ्या सेशनला समुद्रातल्या वादळाचा सीन होता, पाऊस, विजा, खाली व्हायोलिन असं सगळं लावलेलं, आणि मरणाऱ्या कप्तानाच्या तोंडून मी पुटपुटत एक नाव सांगितलं, ज्या नावावर अख्खं कॅम्पेन उभं होतं. सगळे दचकले आणि हा एकटा बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं. नंतर आवराआवर करताना म्हणाला, "तू लावतेस ते छान असतं गं, पण ते चालू असलं की मला तुम्ही कोणीच ऐकू येत नाही." कानाचं मशीन आसपासचे सगळेच आवाज वाढवतं, त्यातून बोलणं वेगळं काढायचा प्रयत्न आजकालची मशीन्स करतात पण मागे म्युझिक असलं की ते अवघडच जातं. मला त्याला आधीच विचारायला हवं होतं.

हा खेळ मुळात बोलण्याचा आहे हो. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा असाच खेळ पहिल्यांदा छापून आला तेव्हापासून सामान तेच आहे, नियमांची पुस्तकं, कागद, पेन्सिल, फासे, आणि बाकी सगळं एकमेकांना सांगायचं आणि ऐकायचं. सिनेमात संवाद आला की म्युझिक खाली घ्यायला माणूस बसलेला असतो, आपल्या टेबलावर असं कोणी नसतं, गेम मास्टरचे दोन्ही हात नकाशा, नोट्स आणि फाशांत अडकलेले. त्यामुळे जे लावायचं ते मुळातच बोलण्याच्या खाली बसणारं हवं. ब्रायन इनो या संगीतकाराने १९७८ मध्ये अँबियंट म्युझिकबद्दल (नुसतं वातावरण तयार करणाऱ्या संगीताबद्दल) लिहिलं होतं की ते जितकं लक्ष देण्याजोगं तितकंच दुर्लक्ष करता येण्याजोगं असावं, मला तरी गेमच्या म्युझिकसाठी यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही.

गाणी तर नकोतच, म्हणजे शब्द असलेली. सालामे आणि बॅडली या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं की समोर दिसलेले आकडे लक्षात ठेवताना मागे कोणी बोलत असेल तर, तुम्ही तिकडे लक्ष देत नसलात तरी, चुका वाढतात. आणि आमच्या टेबलावर दर मिनिटाला कोणीतरी फाशावरचा आकडा, बोनस आणि हिट पॉइंट्स (पात्राचा उरलेला जीव) यांची मनात बेरीज करत असतं! ओळखीची धूनही टाळा. गाजलेल्या सिनेमाचं म्युझिक वाजलं की सगळ्यांच्या डोक्यात तो सिनेमा सुरू होतो, मी इतक्या मेहनतीने उभा केलेला किल्ला गायब आणि तिथे भलताच किल्ला.

सगळ्यात फसतं ते लढाईचं म्युझिक. डी अँड डीच्या आत्ताच्या नियमांत एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) म्हणजे कथेतले ६ सेकंद, म्हणजे ५ राउंडची लढाई कथेत अर्ध्या मिनिटात संपते पण टेबलावर सहज तासभर चालते. तुमचा दमदार ट्रॅक ३ मिनिटांचा. तासाभरात तो २० वेळा वाजणार, दर वेळी तसाच चढत जाणार, ढोल आणि कोरससकट शिगेला पोचणार, आणि तेव्हा टेबलावर काय चाललेलं असतं तर कोणीतरी स्पेलची (जादूच्या मंत्राची) रेंज पुस्तकात शोधतंय. ट्रेलरचं म्युझिक चढायलाच बनवलेलं असतं, त्यापेक्षा व्हिडिओ गेमचं बरं, कारण खेळणारा एका जागी किती वेळ थांबेल ते माहीत नसल्याने ते लूपमध्ये वाजायलाच रचतात. मी आता काय करते, इनिशिएटिव्हचे (लढाईत पाळ्यांचा क्रम ठरवणारे) फासे पडताना मोठा ट्रॅक एकदाच लावते, एक-दोन मिनिटं, मग तो हळूहळू उतरवून खाली फक्त एक संथ ठेका ठेवते, आणि शेवटचा घाव बसला की सगळं बंद करते. त्या शांततेत कोणीतरी श्वास सोडलेला ऐकू येतो, त्याचं समाधान कुठल्याच ट्रॅकमध्ये नाही.

प्लेलिस्ट शंभर ट्रॅकची करू नका. माझ्याकडे सात आहेत. प्रवास, गाव, धोका, लढाई, दुःख, एक गूढ, आणि एक नुसता तानपुरा, जो मी गुहा आणि जुन्या देवळांसाठी वापरते कारण त्यात चालच नसते, त्यामुळे कोणाचं मन त्याच्या मागे जात नाही. प्रत्येक ट्रॅक मोकळ्या वेळात पूर्ण ऐकलेला, मध्येच अचानक ट्रम्पेट वाजत नाही ना हे तपासलेलं, शफल बंद, आणि सगळं आधीच डाउनलोड केलेलं, कारण एकदा एका पात्राच्या अंत्यविधीच्या सीनमध्ये जाहिरात वाजली होती आणि जिचं पात्र मेलं होतं तिचे डोळे भरलेले होते, तो क्षण परत आणता आला नाही. ऑनलाइन खेळणाऱ्यांनी माइकसमोर स्पीकर धरू नये, कॉलमधलं नॉइज सप्रेशन म्युझिकलाच गोंगाट समजून त्याचे तुकडे करतं, लिंक पाठवून ज्याला त्याला आपापल्याकडे लावू द्या, म्हणजे आवाजही ज्याचा तो ठरवतो.

स्पीकर आधी माझ्या पाठीमागे असायचा, म्हणजे माझा आवाज आणि म्युझिक एकाच दिशेने यायचं. आता तो कुठे ठेवायचा ते मित्र ठरवतो, रिमोटही त्याच्याच हातात असतो. सेशन सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यात लांबच्या खुर्चीवरच्याला हळू आवाजात एक वाक्य सांगते, त्याने "काय?" म्हटलं की म्युझिक आणखी खाली. मागच्या महिन्यात कप्तानाची मुलगी सापडली तेव्हा मित्राने स्वतःहून म्युझिक बंद केलं, पुढे वाकला आणि तिच्याशी पंधरा मिनिटं एकटा बोलत होता, बाकीचे चार जण फासे हातात धरून नुसते ऐकत होते.

लेखाचा पुढचा भाग येणार असं छापलंय. त्यात ती चौकट दुरुस्त करून छापाल का? नव्याने सुरू करणारी मुलं ती कापून ठेवतील, आणि पहिल्याच सेशनला मोठा स्पीकर लावून बसतील.

आपली,
एक नियमित वाचक आणि गेम मास्टर