चि. मुक्तास, तिच्या पुस्तकांच्या यादीविषयी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पुस्तकांची यादी मिळाली, आणि यादी संपल्यावर एका ओळीत तू कळवले आहेस की सई जागा सोडून गेली असून आता तिथे तू एकटीच राहणार आहेस. पुस्तकांविषयी तू भरभरून लिहिलेस, त्या ओळीविषयी मात्र पुढे एक अक्षरही नाही. यादीतली पुस्तके मिळतील तशी मी वाचत गेलो आणि आज उत्तर लिहायला बसलो आहे. काळजीचा सूर लावायचा नाही, असे आईने मला बजावले आहे.

'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस' आधी घेतले, कारण त्याच्यापुढे तू दोन चांदण्या काढल्या होत्यास. १९५९ मध्ये आलेल्या या कादंबरीत भय निर्माण करण्यासाठी शर्ली जॅक्सनला भूत दाखवावे लागत नाही. दारे आपोआप मिटतात, भिंतीवर नायिका एलेनॉरचे नाव उमटते, आणि अंधारात आपण घट्ट धरून ठेवलेला हात कोणाचा होता हे तिला दिवा लागल्यावरही कळत नाही. त्या प्रसंगानंतर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. अकरा वर्षे आजारी आईची शुश्रूषा केलेली, स्वतःची अशी जागा कुठेच नसलेली ती बाई अखेर त्या वास्तूलाच आपले घर मानू लागते, आणि सोबत्यांच्या ते ध्यानात येते तेव्हा तिला परत पाठवण्यापलीकडे त्यांना काही सुचत नाही. या कादंबरीतले सर्वांत भयानक मला हे वाटले. तू ती रात्री वाचलीस का? घरात दुसरे कोणी जागे होते का?

'पिरानेसी' मला फार आवडले. अंतहीन दालने, पुतळे, खालच्या मजल्यांवर येणारी भरती, आणि या सगळ्याची रोजनिशी लिहिणारा, त्या घरावर मनापासून प्रेम करणारा माणूस. सुझाना क्लार्कची पहिली कादंबरी २००४ मध्ये आली आणि ही दुसरी २०२० मध्ये. मधली कितीतरी वर्षे ती आजारी होती. घराबाहेर पडणे अवघड झालेल्या लेखिकेने एवढे अफाट घर उभे करावे, याने मी भारावून गेलो. तरीही तो माणूस एकटेपणात सुखी आहे, हे तू इतक्या कौतुकाने का लिहिलेस, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

'फ्रँकेन्स्टाइन'वरचे तुझे टिपण मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकानंतर युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि १८१६ च्या त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हा सरोवराकाठी अडकून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचे ठरवले, हे मला माहीत होते. लेखिका मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांची, म्हणजे तुझ्याहूनही लहान होती, आणि १८१८ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा त्यावर तिचे नाव नव्हते. पण फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो जीव भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकत भाषा शिकतो, सापडलेली पुस्तके एकट्याने वाचतो, आणि त्या घराने झिडकारल्यावरच सूडाकडे वळतो, हे तू जसे उलगडून दाखवलेस तसे मला कधी जमले नसते. आमची मुलगी असे लिहिते याचा फार अभिमान वाटला. मग लक्षात आले की तुझ्या यादीतली बहुतेक माणसे एकटी आहेत.

लहानपणी मी नको म्हणत असताना तू नारायण धारपांचे भयकथांचे पुस्तक कपाटातून काढून दाराआड वाचलेस आणि रात्री आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपलीस. सकाळी म्हणालीस, भीती वाटली नाही, फक्त कोणीतरी जवळ हवे होते. अशी पुस्तके दिवसा वाचावीत, रात्री वेळेवर झोपावे, आठवड्यातून एकदा तरी कोणाबरोबर जेवावे. हे उपदेशाकडे चालले आहे, रागावू नकोस. काय वाचायचे हे तुला माझ्याहून चांगले कळते.

माझ्याकडून दोनच नावे सुचवतो. ले ग्विनचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चे. गर्वापोटी गेड हा तरुण जादूगार एका सावलीला जगात वाट करून देतो, तिच्यापासून पळतो आणि अखेर तिचाच पाठलाग करतो. सामना त्याचा त्यालाच करावा लागतो, पण शेवटच्या प्रवासात नावेत त्याचा मित्र व्हेच बसलेला असतो. त्या व्हेचकडे नीट लक्ष दे. दुसरी टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही १९९८ ची कथा. परग्रहावरून आलेल्यांची भाषा शिकता शिकता त्यातल्या आईला भविष्य कळू लागते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असूनही ती मुलीला जन्म देते. ती वाचताना मी मध्येच थांबून तुला फोन लावणार होतो, पण तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र होती.

आता तुझ्या यादीतले जेमिसिनचे 'द फिफ्थ सीझन' हाती घेतले आहे. त्या मालिकेतल्या तिन्ही कादंबऱ्यांना २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणून फार उत्सुकता होती. पण त्यातली आई मुलीच्या शोधात निघाली आहे, त्यामुळे माझे वाचन सावकाश चालले आहे. रविवारी फोन कर. पुस्तकांवर बोलू, आणि त्या जागेत सोबतीला कोणी येणार आहे का, तेही सांग.

तुझे,
बाबा